गुरुजींचा उपास आणि मिलोचं साल

आमच्या आजीला इसवी सन ठाऊक नव्हता. तिच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या सालाला बांधलेली असायची. तिच्या आईच्या तोंडून ऐकलेलं प्लेगाचं साल, गुरुजींच्या उपासाचं साल, मिलोचं साल. आमची मोठी आत्या ‘गुरुजींच्या उपासानंतरच्या दिवाळीला’ झाली, एवढाच तिच्या जन्माचा दाखला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी मात्र एक जून लिहून टाकला. त्या काळी निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच असे.

गाव भीमेच्या काठी, पंढरपूर तालुक्यात. घर माळकरी. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, गळ्यात तुळशीची माळ. एकादशीला चूल पेटायची ती वरईचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी एवढ्यापुरतीच. संध्याकाळी ओसरीवर घोंगडं पसरून आबा बसले की हमखास निघणारी गोष्ट म्हणजे साने गुरुजींची. ती इतक्यांदा ऐकली की आबांनी काय सांगितलं आणि पुढे मी पुस्तकांत काय वाचलं, हे आता नीट वेगळं करता येत नाही.

पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं करावं, यासाठी गुरुजी १९४६ च्या कार्तिकीलाच उपोषणाला बसणार होते. सोबत्यांनी त्यांना थांबवलं, आधी महाराष्ट्र जागा करू म्हणाले. मग त्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गुरुजी गावोगाव फिरले. सेनापती बापट बरोबर, सेवादलाची पोरं गाणी म्हणायला. कुठे मारुतीचं देऊळ उघडायचं, कुठे विहीर. आमच्या शेजारच्या बाजाराच्या गावात सभा झाली तेव्हा आबा बैलगाडी जुंपून गेले होते. गुरुजींचं बोलणं फारसं आठवत नाही, असं ते प्रामाणिकपणे सांगत. आठवायचं ते इतकंच की बोलता बोलता त्या माणसाचा गळा दाटून आला आणि समोरची मिशावाली माणसं पागोट्याच्या शेवाने डोळे पुसू लागली.

१ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. मे महिन्याचं पंढरपूर ज्याने पाहिलंय त्याला तिथला ताव सांगायला नको. चंद्रभागेचं वाळवंट सकाळी दहालाच चटके देतं. चुकीची माहिती कानी गेल्यामुळे गांधीजींनी तारेने उपोषण थांबवायला सांगितलं. ज्याला देवासारखं मानलं त्याचाच तो शब्द, तरी गुरुजी हलले नाहीत. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले. देवळाचे पुजारी असलेल्या बडव्यांनी मंदिर उघडायचं कबूल केलं आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. दहा दिवस.

आबा त्या दिवसांत पंढरपुरात होते हे नक्की. मठात जाऊन त्यांनी गुरुजींना पाहिलं, असं ते सांगत. आत्याचं म्हणणं, बाहेरची गर्दी पाहूनच ते परतले. मी आबांच्या बाजूचा, पण त्याला माझ्यापाशी पुरावा नाही. देऊळ उघडायच्या आधी बडव्यांनी विठ्ठलाचं तेज पाण्याच्या घागरीत काढून ठेवलं, अशीही बोलवा तेव्हा पसरली होती. आजी हे ऐकलं की उसळायची. “देव काय ताक हाय व्हय, घागरीत वतून ठिवायला?”

ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगितली जाई, आणि अभिमान खराच होता. वारीत वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडायचे. ज्याच्या पाया पडलो त्याची जात कुणी विचारायचं नाही. मात्र महाद्वारापाशी आलं की पाया पडून घेतलेला तोच माणूस बाहेर थांबायचा. नामदेवाच्या पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकूस बांधताना कूस कोसळून दगावले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे ठेवल्या, अशी कथा आहे. त्यांच्या जातीचा माणूस त्या समाधीपर्यंत यायचा आणि तिथूनच कळसाला हात जोडायचा. सहाशे वर्षं हे चाललं होतं. मुक्कामाचीही तीच गत. महार वारकऱ्यांना बाकीच्या धर्मशाळांत थारा नाही म्हणून गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गाडगेबाबा स्वतः पंढरीला येत, हातातल्या खराट्याने घाण लोटत, वाळवंटात कीर्तन करत, पण देवळाची पायरी चढत नसत. आजीने त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. काय ऐकलंस विचारलं की म्हणायची, “त्यो सांगत न्हवता, इचारत हुता.”

आता जे सांगायचं आहे ते आबांनी ओसरीवर कधी सांगितलं नाही.

आमच्या घराच्या दाराबाहेर, गोठ्याकडच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात एक कपबशी पालथी घातलेली असायची. कपाचा कान उडालेला, बशीवर निळ्या वेलीची झिजलेली नक्षी. महारवाड्यातलं कुणी कामाला आलं की ती कपबशी त्यानेच काढायची, घरातल्या बाईने वरून चहा ओतायचा, प्यायल्यावर त्यानेच विसळून पुन्हा पालथी घालायची. पाणी मागितलं तर ओंजळीत, तेही वरून. नातवाच्या वयाची पोरंसुद्धा तिथल्या म्हाताऱ्यांना अरे-तुरे करत, आणि घरात कुणाला ते खटकत नसे. गुरुजींचा उपास संपून पंचवीस वर्षं होत आली होती. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० सालीच मोडीत काढलेली. आणि गुरुजींच्या सभेला गाडी जुंपून जाणाऱ्या माझ्या आबांच्या घराच्या भिंतीत ती कपबशी तशीच होती.

नदीवरही तेच. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला महारवाड्याचा. पाणी एकाच नदीचं, पण आधी आम्हाला लागणारं आणि मग त्यांना.

१९७२ ला पाऊस आलाच नाही. मागच्या सालीही त्याने दगाच दिला होता. मी तेव्हा दुसरीत की तिसरीत. भीमेचं पात्र म्हणजे नुसती वाळू. उजनीचं धरण व्हायचं होतं. घरातली जोंधळ्याची कणगी रिकामी झाली आणि रेशनवर मिलो आली, तांबडी, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर फुटायची आणि गार झाली की चामड्यासारखी वातड लागायची. आजी पिठात आधणाचं पाणी घालून पाहायची, तरी भाकरीला जीव यायचा नाही. तिच्यासोबत शेंगाची चटणी, तीही शेंगा होत्या तोवर. मग हुलग्याचं माडगं.

त्या साली आमच्या घरची बाई पहिल्यांदा कामावर गेली. खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथे आजी जाऊ लागली. आबांना ते फार लागलं. ते दोन दिवस जेवले नाहीत असं आत्या सांगते. पण घरात खाणारी तोंडं नऊ. खडीवर सगळं गाव एका ओळीत बसायचं. मराठ्यांच्या बाया, धनगरांच्या, मांगवाड्याच्या, महारवाड्याच्या. दुपारी सुकडी मिळायची, ती पदरात घेऊन आजी आम्हा पोरांसाठी राखून आणायची. आजीच्या शेजारी बसणारी बाई महारवाड्यातली, तिच्याच वयाची. तिच्या हातोड्याचा दांडा निसटला की आजी ठोकून द्यायची, आजीच्या डोळ्यात कच गेली की ती पदराच्या टोकाने काढायची. डोळ्यातली कच काढताना शिवाशिव कुठली पाळणार?

नदीच्या वाळूत झिरे खणले होते. ज्यांनी झिरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूत पुरुषभर खड्डा करायचा, तळाशी पाणी पाझरतं. एकीने आत उतरायचं, करवंटीने थोडं थोडं पाणी घागरीत भरायचं, भरली की वरच्या बाईने ती ओढून घ्यायची. मग पुन्हा पाणी जमेपर्यंत बसून राहायचं. महारवाड्याचा झिरा खालच्या अंगाला होता, तो आधी आटला. आमच्या झिऱ्याला पाझर होता, पण खड्डा दिवसेंदिवस खोल जात होता आणि आजीच्या गुडघ्यांना उतरणं झेपेना.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं की ऐकून ऐकून पाहिल्यासारखं वाटतं, हे मला आता सांगता येत नाही. पहाटेची वेळ, कंदील वाळूत टेकवलेला. खडीवरची ती बाई रिकामी घागर घेऊन लांब उभी होती, कुणीतरी वाढेल म्हणून. आजी तिला म्हणाली, “उतर खाली. तुजं गुडगं धड हायीत.” बाकीच्या बाया गप्प झाल्या. ती बाई घुटमळली. आजी पुन्हा म्हणाली, “खडी एका पाटीत उचलतो, सुकडी एका जागी बसून खातो, आन् हितंच काय झालं?” ती उतरली. आजीची घागर भरली, मग स्वतःची, मग जिची तिची. दोघी-तिघी रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. त्यांतली एक आमची चुलत आजी. ती वर्षभर आमच्या घरी पाण्याला शिवली नाही.

आजीने घागर डोक्यावर घेऊन घरी आणली आणि माजघरात उतरंडीपाशी ठेवली. आबांना ते कळलं होतं. गावात अशी गोष्ट घागरीच्या आधी घरी पोचते. त्यांनी तांब्या बुडवला, प्यायले आणि काही न बोलता गोठ्यात गेले. देवळीतली कपबशी त्याच साली कधीतरी दिसेनाशी झाली. आत्या म्हणते, आजीने ती उकिरड्यावर फोडली. वडील म्हणायचे, फोडलीबिडली नाही, म्हशीला मीठ घालायला घेतली. दोघंही शपथेवर सांगत.

त्याच काळात पुण्याच्या नाना पेठेत दवाखाना चालवणारे, हमालांची संघटना बांधणारे डॉक्टर बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर फिरत होते. दुष्काळाने पाणवठ्यांचं खरं रूप उघडं पाडलं होतं, ते त्यांनी गावोगाव जाऊन पाहिलं आणि लिहिलं. आमच्या गावात ते आले नव्हते. शिकायला पुण्यात गेल्यावर त्यांच्या हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात मी पुष्कळदा जेवलो. १९७४ साली सुरू झालेलं ते केंद्र, हमालाला परवडेल अशा दरात झुणका-भाकर. तिथे पहिल्यांदा त्यांचं पुस्तक हाती आलं आणि आमच्या नदीचं वरचं नि खालचं अंग मला त्यात सापडलं.

सुट्टीत गावी आलो की मी झिऱ्यातल्या त्या बाईच्या घरी जाऊ लागलो. तिच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो, निदान तेव्हापासून म्हणू लागलो. १९५६ ला नागपूरहून बाबासाहेबांच्या धर्मांतराची बातमी आली तशी त्यांनी घरातले देव नदीत सोडले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. मी मोठ्या उत्साहाने गुरुजींच्या उपासाचं काढलं. अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तो माणूस आमच्यासाठी मरायला बसला होता, हे आम्ही विसरणार नाही. पण त्याच्या आधी बारा वर्षं बाबासाहेबांनी येवल्याला सांगून टाकलं होतं, की हिंदू म्हणून मरणार नाही. आमच्या तरण्या पोरांची देवळाची ओढ तेव्हाच तुटली होती.

मग त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. ती जन्मभर चोखोबांच्या समाधीपाशी लोटांगण घालून परत यायची. उपास सुटला, त्याच वर्षीच्या आषाढीत तिने हट्ट धरला. अण्णा तिला घेऊन गेले. ती आत गेली, विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून आली. अण्णा तिच्या वहाणा हातात धरून बाहेर उभे राहिले. आत गेले नाहीत. “तिचं तिला मिळालं,” म्हणाले. “मला शाळा पायजे हुती.”

अण्णांच्या त्या वाक्यापुढे आबांची गोष्ट मला अपुरी वाटू लागली. गुरुजींचं मोल त्याने कणभरही कमी होत नाही. दगडी मनं पाझरावीत म्हणून त्यांनी स्वतःचा जीव टांगणीला लावला आणि दार उघडलंच. १९७३ चा पंढरपूर मंदिर कायदा, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल, हे सगळं पुढे झालं. पण मंदिर उघडायला दहा दिवस लागले आणि आमच्या घरची देवळी रिकामी व्हायला पंचवीस वर्षं आणि एक दुष्काळ. पहिल्या गोष्टीवर पुस्तकं आहेत. दुसरी आमच्या घरात कुणी लिहिलीच नव्हती. तिच्यात अण्णांच्या मंडळींनी जे सोसलं ते अजूनही माझ्या सांगण्यात पुरतं उतरलेलं नाही. ते त्यांच्या नातवंडांनी लिहायचं आहे, आणि ती लिहीत आहेत.

तुमच्या घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर त्यांच्यापाशी बसा. गांधी-गुरुजींच्या आठवणी ते आपणहून सांगतील. त्या झाल्या की वेगळ्या कपबशीचं विचारा, पाणवठ्याचं विचारा, ती रीत कोणत्या साली सुटली आणि कोणी सोडवली ते विचारा. विषय टाळतील, कदाचित रागावतीलही. तरी विचारा, आणि जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून ठेवा.