नाव झाकलेली गाणी

१९८२ साली माझे मामू विलायतेहून सुट्टीवर भिवंडीला आले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मामू लँकेशायरमधल्या बोल्टन गावी सूतगिरणीत रात्रपाळी करत. बॅग उघडली तेव्हा अम्मीसाठी कापड निघालं, अब्बांसाठी दाढीचं मशीन, आणि माझ्यासाठी एक छोटी काळी तबकडी. ती मामूंनी विकत घेतलेली नव्हती. पाळी बदलताना ज्याच्याकडून ते मशीन ताब्यात घेत, त्या गोऱ्या पोरानं ती दिली होती. काठाला टवका उडाला होता, म्हणून त्याच्या उपयोगाची राहिली नव्हती.

मामू म्हणाले, "पोरगा वेडा आहे. आठवडाभर काम करायचा आणि शनिवारी रात्रभर नाचायला जायचा. दारू नाही, बाई नाही. नुसता नाचायचा. रविवारी सकाळी स्टेशनच्या बाकड्यावर असली पोरं पिशवी उशाला घेऊन झोपलेली दिसायची."

तबकडीच्या मधलं भोक आपल्या रेकॉर्डच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं होतं. ती अमेरिकेची होती. तिकडच्या छोट्या तबकड्यांची भोकं मोठी असतात, हे मला फार उशिरा कळलं. मोहल्ल्यातल्या सुतारानं लाकडाची एक चकती करून दिली, ती भोकात बसवली आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या प्लेअरवर आम्ही ती लावली. बाहेर मागांची खटखट, आत एक अनोळखी बाई इंग्रजीत गातेय. शब्द एकही कळला नाही. मात्र कुणीतरी हिला सोडून गेलंय आणि ही रडायच्या ऐवजी नाचतेय, एवढं कळलं. लेबलावर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर निळ्या पेनानं गायिकेचं नाव लिहिलेलं होतं. ते नाव मी इथं सांगत नाही. का, ते पुढं येईल.

मामूंचा तो पोरगा जिथं जात असणार, त्या जागेचं नाव विगन कसिनो. नावात कसिनो असला तरी तिथं जुगार नव्हता. विगन हे कोळसा आणि कापसाचं गाव, बोल्टनपासून जवळच. तिथल्या एका जुन्या नाचघरात २३ सप्टेंबर १९७३ रोजी पहाटे दोन वाजता पहिली रात्र सुरू झाली आणि सकाळी आठला संपली. पुढं आठ वर्षं शनिवार रात्रीची रविवार सकाळ तिथंच व्हायची. रात्रभराच्या कार्यक्रमात दारू मिळत नसे. लाकडी जमिनीवर पाय घसरावा म्हणून पोरं टाल्कम पावडर टाकत. जोडीनं नाचायची पद्धत नव्हती, प्रत्येक जण एकटा. गिरक्या, उड्या, मागं पडून हातावर तोल सावरून पुन्हा उभं राहणं. घेरदार पँट आणि बनियन घालायचं, आणि घामानं भिजलं की बदलायला दुसरं बनियन पिशवीत. गाणं आवडलं तर नाचणारेच टाळ्या वाजवत. त्या टाळ्या ज्या गायकासाठी होत्या तो हजारो मैलांवर असायचा, आणि बहुतेक वेळा त्याला याची खबरही नसायची.

विगन ही सुरुवात नव्हे. साठच्या दशकात मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील' क्लबात हा प्रकार रुजला. १९७१ मध्ये तो बंद झाला. मग स्टोक-ऑन-ट्रेंटचा 'टॉर्च' आला, तो १९७३ मध्ये बंद झाला. दोन्हीकडं पोलिसांचा ससेमिरा होता, आणि तो सगळाच अन्याय नव्हता. रात्रभर जागायला पोरं उत्तेजक गोळ्या खात, काही त्यात वाया गेली. मामूंच्या 'दारू नाही' या कौतुकाला ही दुसरी बाजू आहे. ती लपवून या पोरांचे गोडवे गाणं बरं नाही.

गाणी कुठली? १९६४ ते १९६७ च्या आसपासची, अमेरिकेतल्या काळ्या गायकांची. चर्चमधलं भजन आणि ब्लूजचं दुःख एकत्र करून जे संगीत झालं त्याला 'सोल' म्हणतात. डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीनं त्याला वेगवान ठेका दिला आणि जगभर नेलं. मोटाउनच्या यशानं डेट्रॉईट, शिकागो, लॉस एंजेलिसमधल्या शेकडो लहान कंपन्यांना वेड लावलं. प्रत्येकानं दोन-चार तबकड्या काढल्या. रेडिओनं वाजवल्या नाहीत, दुकानांनी ठेवल्या नाहीत. गठ्ठे गोदामात गेले. गायक आपापल्या नोकरीला परतले. सत्तर साल उजाडेपर्यंत अमेरिकेत ठेकाही बदलला होता, आणि ती गाणी मेली होती.

इंग्लंडच्या उत्तरेनं मात्र नवा ठेका नाकारला. लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाचा सोलचा मोठा जाणकार दुकान चालवायचा. फुटबॉलचा सामना बघायला उत्तरेकडून आलेली पोरं दुकानात शिरत आणि जुनंच मागत. गॉडिननं नोकरांना सांगून ठेवलं की यांना नवीन ऐकवण्यात वेळ घालवू नका, यांना 'नॉर्दर्न सोल' द्या. १९७० मध्ये त्यानं मासिकातल्या आपल्या सदरात तो शब्द छापला आणि गिऱ्हाइकाच्या खुणेचं एका संगीतप्रकाराचं नाव झालं.

तुम्ही म्हणाल, लँकेशायरच्या गोऱ्या गिरणी कामगारांचा आणि डेट्रॉईटच्या काळ्या गायकांचा संबंध काय? संबंध कापसाचा आहे, आणि तो आपल्यापर्यंत येतो. लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसावर उभ्या राहिल्या तो अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम वेचत होते. १८६१ मध्ये तिथं यादवी युद्ध सुरू झालं, कापूस थांबला, लँकेशायरमध्ये उपासमार झाली. त्याच कापसासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांना सोन्याचे दिवस आले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यातल्या अनेकांचं दिवाळं निघालं. मधल्या काळात, ३१ डिसेंबर १८६२ ला, मँचेस्टरच्या सभेनं अब्राहम लिंकनला पत्र पाठवलं की गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. सभेत भाकरीला मोताद झालेले गिरणी कामगारही होते. लिंकननं उत्तर पाठवलं. पुढं त्या गुलामांची नातवंडं-पतवंडं दक्षिण सोडून उत्तरेच्या मोटार कारखान्यांत गेली. मोटाउन काढणारा बेरी गॉर्डी स्वतः डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यात काम केलेला माणूस. शंभर वर्षांनी त्या नातवंडांचा आवाज पुन्हा लँकेशायरला पोचला, तेव्हा तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या आणि ज्या चालू होत्या त्यांच्या रात्रपाळीला माझ्या मामूंसारखी माणसं उभी होती.

मामूंना त्याच काळात रस्त्यावरून जपून चालावं लागे. नॅशनल फ्रंटवाले 'परदेशी चालते व्हा' म्हणत मोर्चे काढत. काळ्या बाईच्या आवाजावर जीव टाकणारा पोरगा सावळ्या माणसाकडं कसा बघत होता? मी मामूंना एकदा विचारलं. ते म्हणाले, "तबकडी दिली ना त्यानं?" त्यावर ते कधी जास्त बोलले नाहीत.

आता जमवणाऱ्यांची गोष्ट. नाचायला नवीन गाणी हवीत. पण ती जुनीच हवीत. म्हणजे जुन्यातलं न ऐकलेलं हवं. मग डीजे मंडळी अमेरिकेला जाऊ लागली. ब्लॅकपूलचा इयन लेव्हिन मायामीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून हजारो तबकड्या घेऊन आला. रिचर्ड सर्लिंगला १९७३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गोदामात ग्लोरिया जोन्सची एक तबकडी सापडली. तिच्या मागच्या बाजूला 'टेन्टेड लव्ह' नावाचं गाणं होतं. अमेरिकेत ते १९६५ मध्ये येऊन पडलं होतं. इकडं त्यावर पोरं नाचली आणि १९८१ मध्ये 'सॉफ्ट सेल' या इंग्लिश जोडीनं ते पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. जोडीतला डेव्ह बॉल ब्लॅकपूलचा होता, या क्लबांच्या हवेतच वाढलेला.

ज्याच्याकडं दुर्मीळ तबकडी, त्याच्याकडं गर्दी. म्हणून एक युक्ती निघाली. लेबलावर पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर खोटं नाव लिहायचं, म्हणजे दुसऱ्या डीजेला ती शोधताच येऊ नये. त्याला ते 'कव्हर-अप' म्हणत. असं खोट्या नावाचं गाणं महिनोन् महिने वाजायचं आणि लोक त्या खोट्या नावाची वाहवा करायचे.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. माझ्याकडच्या तबकडीवरचं निळ्या पेनातलं नाव डोळ्यांपुढं आलं. चाळीशी ओलांडेपर्यंत मी तिला त्याच नावानं ओळखत होतो.

आपल्याकडच्या जुन्या कवींना हा धोका ठाऊक असावा. तुकोबा, नामदेव, जनाबाई, आमचे श्रीगोंद्याचे शेख महंमद, सगळ्यांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचं नाव विणून ठेवलं. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो. गाणारा कुणीही असो, गाणं म्हणायचं तर नाव घ्यावंच लागतं. तबकडीवर नाव असतं ते फक्त कागदावर. त्यावर दुसरा कागद लावला की संपलं.

फ्रँक विल्सनचं तसंच झालं. लॉस एंजेलिसमध्ये मोटाउनसाठी काम करणारा हा तरुण. १९६५ मध्ये त्यानं 'डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)' हे गाणं गायलं. नमुन्याच्या अडीचशेच्या आसपास प्रती काढल्या गेल्या. मग त्यानं गायक होण्यापेक्षा गीतकार-निर्माता राहणं पसंत केलं आणि जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट झाल्या. मोजक्याच वाचल्या. त्यातली एक सत्तरच्या दशकात या जमवणाऱ्यांच्या हाती लागली, तिच्यावरून चोरून नकला निघाल्या आणि विगनमध्ये ते गाणं एडी फॉस्टर या नावानं गाजलं. खरं नाव १९७९ मध्ये मोटाउननं ब्रिटनमध्ये ते रीतसर काढलं तेव्हा लेबलावर आलं. २००९ मध्ये मूळ प्रत पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. तेव्हाच्या हिशेबानं सुमारे वीस लाख रुपये. जुन्या वस्तूचा तो व्यवहार होता. गायकाचा त्यात वाटा नसतो. विल्सन तेव्हा हयात होता, २०१२ मध्ये वारला.

या जमवणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो पुरता टिकतही नाही. त्यांनी नावं झाकली, चोरट्या नकला विकल्या, गाण्यापेक्षा दुर्मीळपणाला भाव दिला. पण ते गोदामांच्या धुळीत गुडघ्यांवर बसले नसते तर झाकायला नाव तरी कुठं उरलं असतं? यांच्यामुळंच मेजर लान्ससारख्या शिकागोच्या गायकाला १९७२ मध्ये 'टॉर्च'च्या गच्च गर्दीनं डोक्यावर घेतलं. एडविन स्टार तर इंग्लंडमध्येच राहिला आणि २००३ मध्ये तिथंच गेला.

मी कवी. माझ्या पहिल्या संग्रहाच्या तीनशे प्रती निघाल्या, दोनशेहून जास्त बरीच वर्षं माझ्याच पलंगाखाली होत्या. एकदा एका तालुक्याच्या गावी कार्यक्रमात निवेदकानं माझी कविता सुरेख म्हटली आणि खाली नाव दुसऱ्याचं घेतलं, एका नामवंत कवीचं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी पाचव्या रांगेत होतो. उठून सांगावं असं वाटलं आणि टाळ्या थांबू नयेत असंही वाटलं. मी बसून राहिलो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे कविता चांगली आहे, एवढं तरी कळलं." मला मात्र रात्री झोप आली नाही.

विगन कसिनोची शेवटची रात्र ६ डिसेंबर १९८१ च्या सकाळी संपली. रोजचा शिरस्ता असा की आठ वाजायच्या आधी ठरलेली तीन गाणी वाजत, मग दिवे लागत. त्या दिवशी तिन्ही गाणी वाजली तरी कुणी हलेना. पुन्हा वाजवली, तरी हलेना. शेवटी डीजे रस विन्स्टनलीनं पेटीत हात घालून लागेल ती तबकडी काढून लावली. ती फ्रँक विल्सनची निघाली, असं तो सांगतो. नगरपालिकेला ती जागा आपल्या कार्यालयाच्या विस्तारासाठी हवी होती. तो विस्तार झालाच नाही. रिकाम्या इमारतीला १९८२ मध्ये आग लागली आणि नंतर ती पाडली.

माझ्या तबकडीचं सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी भाच्यानं फोन तिच्याजवळ धरला, म्हणाला, हा कुठलंही गाणं ओळखतो. फोननं ऐकलं, चाक फिरलं, काही सापडलं नाही. मग मी ओला कपडा घेऊन लेबलावरचा कागद भिजवला. चाळीस वर्षांहून जुना गोंद. कागद निघाला आणि त्याच्याबरोबर लेबलाचा वरचा पापुद्राही निघाला, नेमका नावाच्या जागेचा. राहिलं ते गाण्याचं माप: दोन मिनिटं बत्तीस सेकंद. आणि गायिकेच्या नावातलं शेवटचं एक अक्षर, तेही अर्धं.

निळ्या पेनातलं नाव मी आता घेत नाही. सुताराची चकती अजून आहे. सुई टवक्याच्या थोडी पुढं ठेवावी लागते, त्यामुळं सुरुवातीचे ढोल जातात आणि बाई एकदम गायलाच लागते.