विमानतळावरील टर्मिनलची घडण : कॅन्सस सिटीच्या उदाहरणावरून एक विचार

विमानतळावरील टर्मिनल इमारतींचा विषय बहुधा वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो, आणि इमारतीच्या आकाराचे श्रेय किंवा अपश्रेय वास्तुविशारदाच्या प्रतिभेला देऊन चर्चा संपते. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. टर्मिनल ही मुळात तीन पक्षांमधील तडजोड होय. प्रवाशाला कमी चालावयाचे असते. विमानाला उभे राहण्यास ऐसपैस जागा हवी असते. आणि विमानकंपनी व शासन यांना प्रवासी तपासून मगच पुढे सोडावयाचा असतो. ह्या तिहींपैकी कोणाचे पारडे केव्हा जड झाले, यावर टर्मिनलचा आकार ठरत आला आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या विमानतळाच्या आधारे हा मुद्दा तपासावयाचा आहे.

प्रथम विमानाच्या पंखांचा हिशेब पाहिला पाहिजे. १९३६ साली लंडनजवळच्या गॅटविक येथे गोल टर्मिनल उभारले गेले. वर्तुळाच्या परिघाभोवती विमाने उभी करावयाची आणि पुढे सरकविता येणाऱ्या आच्छादित मार्गांनी प्रवासी त्यांच्यापर्यंत न्यावयाचे, अशी ती योजना होती. त्या काळच्या डीसी-३ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर होता. १९५८ साली वाहतुकीत आलेल्या बोइंग ७०७ चा तो सुमारे ४० मीटर, तर १९७० मधील बोइंग ७४७ चा सुमारे ६० मीटर झाला. वीस ७०७ विमाने सुरक्षित अंतर ठेवून एका ओळीत उभी करावयाची म्हटल्यास जवळजवळ एक किलोमीटर लांबीची दर्शनी बाजू लागते. ही लांबी कमी जागेत बसवावयाची, तर ती दुमडणे भाग पडते. हाताच्या पंजाला बोटे असावीत त्याप्रमाणे मुख्य इमारतीतून लांब मार्गिका बाहेर काढण्याची पद्धत रूढ झाली, ती ह्याच कारणाने. शिकागोचा ओ'हेअर विमानतळ हे तिचे ठळक उदाहरण आहे. विमानांची सोय झाली. तिची किंमत मात्र प्रवाशाने पायांनी मोजली.

ह्या पायपिटीवर १९६० नंतरच्या दशकात तीन निरनिराळी उत्तरे पुढे आली. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर (१९६२) ईरो सारिनेन याने प्रतीक्षागृहालाच चाके लावली. प्रवासी त्यात बसत आणि ते दूर उभ्या असलेल्या विमानापर्यंत जाई. टॅम्पा येथे (१९७१) मध्यवर्ती इमारत आणि विमानांजवळच्या इमारती वेगळ्या काढून त्यांच्यामध्ये चालकाविना धावणारी वाहने योजिली गेली. कॅन्सस सिटीने (१९७२) मध्यवर्ती इमारत ही कल्पनाच सोडून दिली. किव्हेट अँड मायर्स या वास्तुविशारद संस्थेने तेथे कंकणाकृती तीन टर्मिनले रचली. कंकणाच्या आतील बाजूस रस्ता, बाहेरील बाजूस विमाने, आणि मध्ये अगदी अरुंद इमारत. मोटारीतून उतरलेला प्रवासी काही पावलांतच विमानाच्या दाराशी पोहोचावा, हा तिचा हेतू होता, आणि तो पूर्णपणे सफल झाला.

परंतु ह्या रचनेत एक गृहीतक दडलेले होते. रस्ता आणि विमान यांच्यामध्ये प्रवाशाला कोणी अडविणार नाही, असे ते गृहीतक. हा विमानतळ ११ नोव्हेंबर १९७२ रोजी वाहतुकीस खुला झाला. नेमके त्याच सुमारास, १० ते १२ नोव्हेंबर या दिवसांत, सदर्न एअरवेजच्या विमानाचे अपहरण झाले आणि ओक रिज येथील अणुकेंद्रावर ते पाडण्याची धमकी अपहरणकर्त्यांनी दिली. त्याआधीची काही वर्षे अमेरिकेत अपहरणांचे सत्र चालूच होते. अखेर ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. नव्या इमारतीचे गृहीतक दोन महिन्यांच्या आतच कोसळले.

परिणाम रचनेतूनच उद्भवले. जेथे सर्व प्रवासी एका वाटेने जातात तेथे तपासणी एकाच ठिकाणी करता येते. कॅन्सस सिटीत गेटांच्या प्रत्येक लहान समूहापुढे वेगळी चौकी बसवावी लागली. इमारत अरुंद असल्याने चौकीपलीकडे प्रवासी कोंडले जात, आणि तेथे स्वच्छतागृहे व उपाहारगृहे यांची वानवा असे. विमान बदलणाऱ्या प्रवाशाला तर ही रचना विशेष जाचक ठरली. १९७८ साली अमेरिकेतील विमानवाहतुकीवरील आर्थिक नियंत्रणे उठली. एका केंद्रात प्रवासी गोळा करून तेथून पुढे पाठविण्याची पद्धत फोफावली, आणि अशा वाहतुकीसाठी हे केंद्र गैरसोयीचे होते. टीडब्ल्यूए कंपनीने आपले मुख्य बस्तान सेंट लुइसला नेले. याउलट अटलांटा येथे १९८० साली समांतर इमारती भुयारी रेल्वेने जोडून उभारलेले टर्मिनल ह्याच पद्धतीला अनुरूप होते.

येथे एक आक्षेप संभवतो. नियोजकांना दूरदृष्टी नव्हती, एवढाच निष्कर्ष यातून का काढू नये? टॅम्पाचे उदाहरण त्याच्या आड येते. तेथील नियोजनही १९७३ पूर्वीचेच, आणि हेतूही पायपीट वाचविण्याचाच. तथापि प्रवाशांचा ओघ मोजक्या वाटांनीच विमानांकडे जात असल्याने तपासणीची सोय तेथे सहज झाली. हे यश दूरदृष्टीचे म्हणता येणार नाही. ते योगायोगाचे होते. शिवाय रचना म्हणजे अटळ विधिलिखितही नव्हे. मोटारीपासून गेटापर्यंत जवळीक साधणारी अर्धवर्तुळाकार टर्मिनले डॅलस–फोर्ट वर्थ येथेही (१९७४) होती. परंतु तपासणीच्या आतील बाजूने ती जोडणारी उन्नत रेल्वे २००५ साली सुरू करून तेथे तोल सांभाळला गेला.

कॅन्सस सिटीच्या रहिवाशांना मात्र आपला विमानतळ प्रिय होता, कारण विमान न बदलणाऱ्या स्थानिक प्रवाशाला तो अखेरपर्यंत सोयीचाच होता. म्हणूनच बदलास विलंब लागला. २०१७ च्या मतदानात नागरिकांनी कौल दिला आणि २८ फेब्रुवारी २०२३ रोजी एकच मध्यवर्ती टर्मिनल खुले झाले. मुंबईच्या २०१४ मधील टर्मिनल २ चाही न्याय हाच आहे : तपासणीची सारी कामे एका मध्यवर्ती इमारतीत आणि गेटे तिच्यातून निघणाऱ्या बाहूंवर. भारतात तर तिकीट व ओळखपत्र यांची पहिली तपासणी इमारतीच्या दारातच होते.

तेव्हा टर्मिनल 'सोयीचे' आहे असे कोणी म्हटले, की ते कोणाच्या सोयीचे, हा पुढील प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. कंकणे स्थानिक प्रवाशासाठी होती. आजची टर्मिनले तपासनीसासाठी आणि विमान बदलणाऱ्यासाठी आहेत. पायपीट पुन्हा प्रवाशाच्या वाट्याला आली आहे.