घसरत्या नळीतून सुटे स्वर

नेहमीच्या ट्रॉम्बोनला कळा नसतात, पडदेही नसतात. एकात एक बसवलेल्या पितळी नळ्या हाताने मागे-पुढे सरकवायच्या आणि स्वराची जागा कानाने धरायची. अशा जागा सात. सातवी गाठताना हात जवळजवळ पूर्ण लांब होतो. साहजिकच या वाद्यातून मींड आपोआप निघते, द्रुत लयीतले सुटे स्वर मात्र अवघड जातात.

न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या जॅझने हा स्वभाव जसाच्या तसा स्वीकारला. वादक गाडीत बसून शहरभर वाजवत फिरत, तेव्हा ट्रॉम्बोनवाला मागच्या फळीपाशी बसे, म्हणजे नळी कुणाला लागत नसे. त्यावरून या घसरत्या वादनाला ‘टेलगेट’ नाव पडले. किड ओरी हा त्या शैलीचा अग्रणी.

१९४०च्या दशकात चार्ली पार्करचा सॅक्सोफोन आणि डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट यांनी बीबॉप या नव्या जॅझ शैलीची लय इतकी चढवली, की ट्रॉम्बोन मागे राहणार असे दिसू लागले. ती उणीव जे. जे. जॉन्सनने भरून काढली. २२ जानेवारी १९२४ रोजी इंडियानापोलिसमध्ये जन्मलेला जॉन्सन आधी पियानो शिकला. ट्रॉम्बोन हाती आला तो चौदाव्या वर्षी. ट्रॉम्बोनवादक फ्रेड बेकेटच्या वादनातली सलग, रेखीव सुरावट त्याने आदर्श मानली. बेनी कार्टर आणि काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांत तो तयार झाला.

जॉन्सन प्रत्येक स्वर जिभेच्या हलक्या आघाताने सुटा करी आणि हात कमीत कमी हलेल अशा जागा निवडी. स्वरावरचे कंपन त्याने बेताचेच ठेवले. परिणाम इतका नितळ होता, की तो कळांचा ट्रॉम्बोन वाजवतो असे अनेकांना ध्वनिमुद्रण ऐकून वाटे.

नाव झाले, तरी पोट भरेना. १९५२पासून सुमारे दोन वर्षे त्याने कारखान्यात आराखडे तपासण्याची नोकरी केली. १९५४मध्ये ट्रॉम्बोनवादक काय विंडिंगबरोबर दोन ट्रॉम्बोनचा जोडसंच उभा राहिला आणि लोकप्रिय झाला. पुढे गिलेस्पीसाठी त्याने ‘परसेप्शन्स’ ही दीर्घ रचना लिहिली. १९७०च्या सुमारास लॉस एंजेलिसला जाऊन तो चित्रपट-दूरचित्रवाणीच्या संगीताकडे वळला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा मैफलीत परतला. ४ फेब्रुवारी २००१ रोजी जन्मगावीच त्याचे निधन झाले.

कर्टिस फुलर, स्लाइड हॅम्प्टन यांच्यासारख्या पुढच्या वादकांनी त्याचीच वाट धरली. आधुनिक जॅझमधला ट्रॉम्बोन सुटा आणि स्पष्ट बोलतो, तो मुख्यतः जॉन्सनमुळे.