घोणस अळी : ओळख, जीवनक्रम आणि चारा कापताना घ्यावयाची काळजी

सप्टेंबर 2022 मध्ये आष्टी तालुक्यातून घोणस अळीच्या बातम्या आल्या आणि दोन-चार दिवसांत मोबाइलवरून त्या राज्यभर पसरल्या. त्याच महिन्यात कड्यावरून नगरकडे जाणारी रेल्वे सुरू झाली होती, पण पारावरच्या गप्पांत रेल्वेपेक्षा अळीच जास्त होती. अळी चावली की माणूस दगावतो, ती अंगावर उडी मारते, ती परदेशातून आली आहे, असे बरेच काही सांगितले गेले. यातले काहीच खरे नाही. मात्र अळीचा डंख खरा आहे आणि त्याची वेदनाही खरी आहे. कडा परिसरात दुधाचा धंदा मोठा आहे. बांधावरचे गवत, नेपियर आणि मका रोज हाताने कापणाऱ्या माणसाला ही अळी ओळखता आली पाहिजे.

अळीची ओळख

घोणस अळी ही कोणत्याही एका किडीचे नाव नाही. लिमाकोडिडी या पतंगाच्या कुळातील अनेक प्रजातींच्या अळ्यांना आपल्याकडे हे नाव पडले. सापाशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजीत तिला स्लग कॅटरपिलर म्हणतात आणि ते नाव अधिक नेमके आहे, कारण ती शंख नसलेल्या गोगलगायीसारखी पानाला चिकटून सरपटते. इतर अळ्यांना पोटाखाली मांसल पाय असतात, ते पुढे-मागे टाकताना दिसतात. हिच्या पोटाखाली त्याऐवजी चिकटून राहणारा मऊ भाग असतो. डोकेही शरीराखाली दडलेले असते. त्यामुळे पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे पटकन कळत नाही.

अळी आखूड, जाड आणि साधारण आयताकृती दिसते. पूर्ण वाढ झाल्यावर लांबी दोन ते अडीच सेंटिमीटर भरते. रंग बहुधा पोपटी किंवा पिवळसर हिरवा असतो. पाठीवर मधोमध पांढुरकी किंवा निळसर रेघ असू शकते. पाठीवर आणि दोन्ही कडांना गाठींच्या रांगा असतात व प्रत्येक गाठीवर काट्यांचा झुबका असतो. काही प्रजातींत टोकाकडच्या काट्यांना तांबूस छटा असते.

गोंधळ होतो तो इथेच. सोयाबीन, सूर्यफुलावरील केसाळ अळीला लांब दाट केस असतात, पण तिचे डोके व पाय स्पष्ट दिसतात आणि ती भराभर चालते. एरंडीवरही एक काटेरी अळी येते. तिचे काटे फांद्या फुटल्यासारखे असतात, ती एका फुलपाखराची अळी आहे आणि डंख करत नाही. तेव्हा अंगावर काटे दिसले म्हणून लगेच घोणस अळी समजू नये. आधी तिची चाल पाहावी, मग डोके शोधावे. पाय न दिसता अळी सरपटत असेल आणि डोके सापडत नसेल, तर तिला हात लावू नये.

जीवनक्रम

पतंग निशाचर असून दिव्याकडे येतो. या कुळातील बऱ्याच प्रजातींच्या प्रौढ पतंगाचे तोंड अविकसित असते. तो काही खात नाही आणि थोडेच दिवस जगतो. एरंडी, आंबा, नारळ यांवर येणाऱ्या पॅरासा लेपिडा या प्रजातीचा पतंग ओळखायला सोपा आहे. पुढचे पंख हिरवे, बुडाशी तपकिरी ठिपका आणि बाहेरची कड रुंद तपकिरी असते. या पतंगापासून माणसाला काहीही धोका नाही.

मादी पानाच्या खालच्या बाजूस चपटी, चकचकीत, माशाच्या खवल्यासारखी अंडी घालते. साधारण आठवडाभरात ती उबतात. लहान अळ्या घोळक्याने राहून पानाचा खालचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पान जाळीदार किंवा कागदासारखे दिसते. मोठ्या झाल्यावर त्या विखुरतात आणि कडेपासून पान खात जातात, कधी फक्त शीर शिल्लक राहते. पॅरासा लेपिडाची अळी अवस्था साधारण पाच ते सात आठवडे चालते. उबदार, दमट हवा तिला मानवते, म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती जास्त नजरेस पडते.

यानंतर अळी एखाद्या बीसारखा टणक, गोलसर, तपकिरी कोष करते. कोष खोडाला, सालीच्या फटीत, पालापाचोळ्यात किंवा मातीत असतो. पतंग बाहेर पडताना कोषाच्या टोकाला गोल झाकण उघडल्यासारखे दिसते. बांधावरच्या झाडाच्या बुंध्याला असे कोष आढळल्यास लाकडाने खरवडून नष्ट करावेत. हात लावू नये, कारण अळीचे काटे कोषाला चिकटलेले असू शकतात.

डंख झाल्यास

अळी चावत नाही. तिचे काटे पोकळ असून बुडाशी विष असते. आपला हात काट्यावर दाबला गेला की टोक मोडते आणि विष त्वचेत उतरते. लगेच आग होते, लाली व सूज येते, गांधी उठतात. बहुतेकांना हा त्रास काही तासांत ते एक-दोन दिवसांत कमी होतो. डंखाची जागा चोळू नये. चिकटपट्टी अलगद लावून काढावी, म्हणजे मोडलेले काटे निघून येतात. पट्टी दोन-तीन वेळा बदलावी. नंतर साबण-पाण्याने धुऊन कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला लेपही अनेकजण लावतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी वाट न पाहता दवाखान्यात जावे. धाप लागणे, चक्कर, उलटी, तोंडावर सूज किंवा डोळ्यात काटा गेल्याची शंका असेल, तर कोणीही घरी थांबू नये. अळीचा फोटो डॉक्टरांना दाखवल्यास उपयोग होतो.

व्यवस्थापन

पिकाच्या उत्पादनाच्या दृष्टीने ही मोठी कीड नाही. ऊस, मका, गवत, एरंडी, फळझाडे अशा अनेक वनस्पतींवर ती जगते, पण एखाद्या वर्षी, एखाद्या पट्ट्यातच वाढते. परजीवी माश्या, गांधीलमाशीच्या कुळातील कीटक, भक्षक ढेकूण आणि विषाणूजन्य रोग तिला एरवी आटोक्यात ठेवतात. सन 2022 मध्ये भीतीपोटी बांधावरच्या गवतावर दोन-तीन कीटकनाशके मिसळून फवारल्याचे कानावर आले. त्याने आधी हे मित्रकीटकच मरतात आणि तेच गवत संध्याकाळी गोठ्यात जाते. चाऱ्यावर अशी फवारणी करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

अळ्या थोड्या असतील तर पान कापून, चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. संख्या जास्त असेल आणि अळ्या लहान असतील, तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशकही पतंगवर्गीय अळ्यांवर चालते. पण बीड जिल्ह्यात तुतीची लागवड मोठी आहे आणि हेच औषध रेशीम कीटकालाही मारते. जवळपास तुती असेल तर ते टाळावे. मुख्य पिकात रासायनिक फवारणीची वेळ आलीच, तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच औषध घ्यावे आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी पाळावा.

गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे वापरावेत. पातळ प्लॅस्टिकच्या मोज्यातून काटा आत जातो. पेंढी मुठीत धरण्याआधी विळ्याच्या पाठीने गवत झटकावे. डोक्यावर भारा घेताना मान आणि कान उघडे राहतात, म्हणून चुंबळीखाली कापड मानेपर्यंत सोडावे. मुलांना अळी काडीने डिवचू देऊ नये. शंका असलेली अळी झाकण असलेल्या बाटलीत पानासह ठेवून कृषी सहायकाला दाखवावी. झाकणाला बारीक छिद्रे पाडली आणि पान ताजे ठेवले, तर ती दोन-तीन दिवस जिवंत राहते व ओळख पटवणे सोपे जाते.