अक्राच्या विमानतळावरचं गाणं
३० ऑगस्ट १९६१. घानाची राजधानी अक्रा इथे ५१ तरुण अमेरिकन विमानातून उतरले आणि तिथेच उभं राहून त्यांनी ट्वी भाषेतलं गाणं म्हटलं. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या पीस कोअर या अमेरिकी संस्थेची ही पहिली तुकडी. दोन वर्षं शाळेत शिकवायचं, हे काम. यजमानांची भाषा आधी ओठांवर आणणं, ही तयारी मोठीच म्हणायला हवी.

१९५७मध्ये स्वतंत्र झालेल्या घानात शाळा झपाट्याने वाढत होत्या, शिक्षक मात्र अपुरे पडत होते.

बर्कलीच्या विद्यापीठात या मंडळींचं प्रशिक्षण झालं होतं. तरी खरी उजळणी घानातच. शाळांचा साचा ब्रिटिश वळणाचा, चलनही तसंच. डॉलर-सेंटवर वाढलेल्यांपुढे हिशेब होता बारा पेन्सच्या शिलिंगाचा आणि वीस शिलिंगांच्या पौंडाचा. सेडी हे दशमान चलन आलं ते १९६५मध्ये.