जालन्याची मोसंबी आणि डिंक्या

जालन्याच्या मोसंबीचा इतिहास निघाला म्हणजे २०१२ चा दुष्काळ सर्वांस आठवतो. डिंक्या रोग मात्र विस्मृतीत जातो. वस्तुतः १८३० नंतरच्या दशकात अटलांटिकमधील अझोर बेटांवरील संत्र्याच्या बागा याच व्याधीने उजाड केल्या होत्या. फायटोफ्थोरा नामक सूक्ष्म जीव ओल्या मातीतून सालीत शिरतो. डिंक गळतो, पाने पिवळी पडतात आणि वडिलांच्या हातचे झाड उभ्या उभ्या वाळते. पाण्यावाचून मेलेल्या झाडाचा पंचनामा होतो. बुंध्याशी तुंबलेल्या पाण्याने मेलेल्याची नोंद कोण ठेवतो? २०१६ साली या फळास भौगोलिक मानांकन लाभले. तो मान राखावयाचा तर बुंधा कोरडा ठेवावा, त्यास बोर्डो मलम लावावे. मायेच्या हातासही मोजून पाणी घालता आले पाहिजे, असे आम्हांस वाटते.