हिंगण्याची वाट

वहाणा काढून हातात घ्या. पुढची वाट काळ्या मातीची आहे, आषाढ लागलाय, आणि चिखलात वहाणेचा अंगठा एकदा तुटला की हिंगण्यापर्यंत तो सांधून देणारं कुणी भेटायचं नाही. साल १९०२. मागे फर्ग्युसन कॉलेजची दगडी इमारत पावसात धूसर होत चाललीय. कर्वे रोड, नळस्टॉप, कोथरूडचे सिग्नल, सगळं डोक्यातून पुसून टाका. इथे एरंडवण्याची शेतं आहेत, बाभळी आहेत, आणि तुमच्यापुढे पन्नासेक पावलांवर एक माणूस झपझप चाललाय. डोक्याला पागोटं, काखेत गाठोडं. वय चव्वेचाळीस. त्याला गाठायचं तर तुम्हाला पळावं लागेल, कारण चालण्यात हा कुणाला हार जाणारा नाही. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी आपल्या मुरुड गावाहून घाट चढून हा साताऱ्याला पायी गेला होता, आणि तिथे पोचल्यावर ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

धोंडो केशव कर्वे. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, गणिताची जागा मोकळी झाली, आणि १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी यांना मुंबईहून फर्ग्युसनमध्ये बोलावून घेतलं. आताच त्यांनी कॉलेजातला शेवटचा तास संपवलाय. हिंगण्याला पोचल्यावर दुसरी शाळा सुरू होईल. रात्री तिथेच मुक्काम, आणि उद्या सकाळी हीच वाट उलट तुडवत कॉलेजात हजर.

गाठोड्यात काय आहे ते जवळ जाऊन बघा. मीठ, हळद, पाटीवरच्या पेन्सिली, कुणाच्या तरी भावाचं आलेलं पत्र. वाण्याकडचं सामान इतक्या लांब आणून देणारं दुसरं कुणी नाही, म्हणून गणिताचे प्राध्यापक ते स्वतः आणतात. वाटेत वस्तीवरची दोन पोरं त्यांच्यामागे काहीतरी ओरडतात. शब्द नीट कळत नाहीत, पण सूर कळतो. ते मान वळवत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी या माणसानं विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यापुढे हे ओरडणं काहीच नाही.

झोपडी दिसायला लागली. सहा एकर माळ, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेला, आणि त्यावर पाचशे रुपयांत उभी राहिलेली ही झोपडी. विधवांना शिकवणारी ही संस्था निघाली ती १८९६ च्या जूनमध्ये, पुणे शहरात. नाव ‘अनाथ बालिकाश्रम’, अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मग प्लेग आला, शहरात मुलींना ठेवणं धोक्याचं झालं, आणि १९०० मध्ये सगळा संसार इथे, गावाबाहेर हलवला.

आत जाण्यापूर्वी कुडाला टेकून क्षणभर थांबा. दारात एक बैलगाडी उभी आहे. गाडीतून उतरलेला माणूस धाकट्या बहिणीला घेऊन आलाय. ती अकरा-बारा वर्षांची असेल. डोक्यावरून आलवणाचा, विधवेच्या लुगड्याचा, पदर पुढे ओढलेला, आणि पदर जरा सरकला की दिसतं की डोक्यावर नुकताच वस्तरा फिरलाय. कानामागे एक छोटी जखम आहे, न्हाव्याचा हात घसरून झालेली. ती जखमेला हात लावत नाही. हात सारखा गळ्याशी जातो, जिथे काल-परवापर्यंत काहीतरी घातलेलं असावं, आणि तिथे काही नाही असं लक्षात आलं की ती तो पदरात लपवते.

“आईला सांगितलंय, पुण्याला मावशीकडे ठेवलीय म्हणून,” भाऊ खालच्या आवाजात सांगतो. “इथे... बाटवत नाहीत ना?”

हा प्रश्न उगाच आलेला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे बालविधवा शिकत होत्या, माणसासारख्या वागवल्या जात होत्या. पण १८९३ च्या सुमारास सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय असा गदारोळ उठला आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्या घरी गेल्या म्हणजे कुठे गेल्या? माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एक वेळच्या जेवणावर, घरातल्या प्रत्येकाच्या सकाळच्या अपशकुनाला कारण म्हणून. कर्व्यांनी आश्रम काढला तो या पार्श्वभूमीवर. घरच्या रीतीभाती सांभाळून मुलगी शिकेल, असा विश्वास भावाला, बापाला वाटला तरच ती बैलगाडीत बसेल, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी एक अवघड निर्णय घेतला. विधवाविवाहाच्या चळवळीचं काम ते स्वतः करत होते. आश्रम हाती घेतल्यावर ते त्यांनी बाजूला ठेवलं. इथे मुलीला शिक्षण मिळेल, लग्नाबद्दल कुणी एक शब्द बोलणार नाही. मला हा निर्णय पटतो. तो सोपा नव्हता, आणि त्याची किंमत कुणी मोजली ते पुढे बघूच.

आत या. शेणानं सारवलेली जमीन ओलसर आहे, चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरलाय. जेवणं आटोपली की कंदिलाच्या उजेडात पाट्या निघतात. काही बायका विशीच्या पुढच्या, काही त्या नव्या मुलीएवढ्या. कर्वे जमिनीवर बसून हिशेबाचं उदाहरण घालतात: तेलाचा भाव इतका, महिन्याला इतकं लागतं, तर वर्षाचा खर्च किती? नवी मुलगी पेन्सिल मुठीत धरते. शेजारची तिची बोटं सोडवून नीट ठेवते आणि आपल्या पाटीकडे वळते. कुणी तिला कुरवाळत नाही, ‘बिचारी’ म्हणत नाही. या घरात सगळ्याच तशा आहेत, त्यामुळे दयेला जागाच उरत नाही. मदतीचं हेच रूप मला सगळ्यात मोठं वाटतं: जिला हात द्यायचा, तिला दुसऱ्याच दिवशी कामाला लावायचं, कारण पुढे हे घर तिनंच चालवायचंय.

तेलाचं ते उदाहरण पुस्तकातलं नाही. आश्रमाच्या हिशेबाचंच आहे. वर्गणी पैशा-आण्यांनी येते, आणि त्या प्रत्येक आण्याची नोंद होते, कारण देणाऱ्याचा विश्वास एकदा गेला की बैलगाड्या यायच्या थांबतील.

आता त्या तिशीतल्या बाईकडे बघा. तिच्याही अंगावर आलवण आहे. या पार्वतीबाई आठवले. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. आश्रमात आल्या तेव्हा अक्षरओळख जेमतेम होती. पंचविशी ओलांडल्यावर त्या मुळाक्षरांपासून सुरुवात करून शिकल्या, आणि आता आश्रमाचा भार उचलणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल.

यांची एक धाकटी बहीण आहे. गोदूबाई. देवरुखच्या जोश्यांची. आठव्या वर्षी विधवा झाली. भाऊ नरहरपंत मुंबईत कर्व्यांचा खोलीतला सोबती होता, त्यानं तिला शारदा सदनात घातलं, आणि ११ मार्च १८९३ ला तिचं कर्व्यांशी लग्न झालं. सासरचं नाव आनंदीबाई, पण सगळे तिला बाया म्हणतात.

बाया या झोपडीत नाही. तुम्ही शोधलंत तरी सापडणार नाही. एका बहिणीनं पुनर्विवाह नाकारला आणि आलवण पत्करलं, ती आत आहे. दुसरीच्या कपाळावर कुंकू आहे, म्हणून ती बाहेर. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरते हे कळलं तर मुली यायच्या बंद होतील, या धास्तीनं तिला दूर ठेवलं गेलं. या संस्थेचं बीज ज्या लग्नात आहे, त्या लग्नातली बायको संस्थेच्या उंबऱ्याबाहेर. नवऱ्याचं सगळं लक्ष आणि घरचा पैसा या माळावर ओतला जात असताना तिनं पुण्यात मुलाबाळांचं घर ओढलं. १९४४ मध्ये तिचं ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झालं, ते वाचा. कर्व्यांची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धीच राहते. निर्णय पटतो असं मी वर म्हटलं, ते आताही म्हणतो. पण त्याचं ओझं ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यापेक्षा बायानं जास्त वाहिलं, हे त्याच दमात म्हटलं पाहिजे.

चला, वर्षं भराभर ओलांडू. १९०७: अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघतं, कारण मुलगी विधवा होईपर्यंत तिच्या शिक्षणासाठी थांबण्यात काही अर्थ नाही, हे लोकांनाही आता पटायला लागलंय. १९०८: निष्काम कर्म मठ, संस्थेला आयुष्य वाहणाऱ्या माणसांसाठी. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेत अध्यक्षस्थानी कर्वे आहेत. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती. त्यावरून ते सभेपुढे स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडतात, शिकवण्याची भाषा मातृभाषा. पुढच्या वर्षी ते सुरू होतं, आणि त्याच्या महाविद्यालयाचा पहिला वर्ग भरतो तो याच हिंगण्याच्या माळावर.

पार्वतीबाईंच्या मागोमाग मात्र जरा सावकाश चला. त्या वर्गणीला निघाल्यात. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या फळीवर त्यांच्याशेजारी बसा. अंगावर विधवेचं वस्त्र, जवळ पावतीपुस्तक. गावात उतरलं की ओळखीच्या घरी मुक्काम, दुपारी बायकांची सभा, संध्याकाळी वकील, मामलेदार, सावकार यांचे उंबरे. एका ओसरीवर घरमालक तुमच्यादेखत म्हणतो, “विधवेनं असं गावोगाव हिंडावं का?” आणि आतल्या खोलीतून त्याची सून पदराआड चार आणे पाठवते. पावती फाडली जाते. नाव कुणाचं घालायचं, असा प्रश्न येतो, तेव्हा आतून उत्तर येत नाही.

पुढे पार्वतीबाईंनी केशवपन सोडलं. १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तोडकंमोडकं इंग्रजी घेऊन त्या अमेरिकेला निघाल्या, इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी काही उभं करता येतं का ते बघायला. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं. १९२० मध्ये त्या परतल्या. त्याच वर्षी विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावानं विद्यापीठाला १५ लाखांची देणगी जाहीर केली, आणि त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. पंधरा लाख ज्या विश्वासावर आले, तो चार-चार आण्यांच्या पावत्यांनी आधीच कमावलेला होता. हिंगण्याचा आश्रम मात्र तसाच वर्गणीवर चालत राहिला, पावतीपुस्तकासकट.